गुरुवारी बंद असणाऱ्या दुकानातली खुर्ची

मित्रांनो, पहिल्यांदा केस कापून घेताना तुम्ही भोकाड पसरले होते ना? ज्या खुर्चीवर पसरले, तशीच मी एक जुनी खुर्ची. लोखंडी पाय, उंची कमीजास्त करायचा दांडा आणि दोनदा बदललेले रेक्झिन. माझ्या मालकांचा हात एवढा हलका, की गिऱ्हाईक दाढी होता होता माझ्यावर घोरू लागे.

दुकानामागेच त्यांचे घर होते. घरात बापलेक दोघेच. मुलीला चौदावे लागले आणि ती बदलली. शाळा सुटली, बोलणे तुटले. बसल्या बसल्या ती स्वतःचेच केस उपटी. कुणी हात धरला, तर सापडेल ते भिरकावी. एकदा पावडरचा डबा आरशावर बसला. त्या दिवशी मालकही ओरडले. मग तासाभराने तिच्यासमोर बसून म्हणाले, "चुकलो मी, बाळा. घाबरलो होतो." मोठ्या माणसाने मुलाची माफी मागितलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

एक गिऱ्हाईक म्हणाले, "लाडावून ठेवलीय. दोन ठेवून द्या, येईल ताळ्यावर!"

मालकांचा वस्तरा थांबला. "दादा, पोर तापाने फणफणलं तर तुम्ही मारता का? हाही आजारच आहे."

गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उठून गेले, ते पुन्हा फिरकले नाही.

दर गुरुवारी दुकान बंद ठेवून मालक तिला डॉक्टरांकडे नेत. इतर दिवशी दुपारी, दुकान रिकामे असताना, ती माझ्यावर येऊन बसे.

"नीट करू का केस?" मालक विचारत.

ती मान हलवी. नको. मग ते शेजारच्या स्टुलावर बसून कात्र्यांना तेल देत. असे कित्येक महिने गेले.

एके दुपारी तीच म्हणाली, "बाबा, मागचे सारखे करा. उपटलेलं दिसू देऊ नका."

मालकांनी कात्री खाली ठेवून डोळे पुसले.

"रडताय?"

"छे गं, केस गेला डोळ्यात."

"अजून कापलाच कुठे?"

दोघेही हसले. ते हसू ऐकायला मी केव्हाची आसुसले होते!

ती पुरती बरी झाली, असे मी म्हणणार नाही. अजूनही वाईट दिवस येतात. पण ती पुन्हा शाळेत जाते, डोक्याला रुमाल बांधून. मित्रांनो, तुमच्या वर्गात अशी कुणी असेल, तर रुमाल ओढू नका. तिच्या शेजारची जागा रिकामी असेल, तर तिथे जाऊन बसा.