दाराआडचे ठोके

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. बोटाच्या पेराएवढा, फळांच्या शीतगृहातल्या जाड लोखंडी दाराला चिकटलेला. मला डोळे नाहीत, कान नाहीत, जे कळतं ते दाराच्या थरथरीतून; आणि बॅटरीही नाही.

एका बाईने भिंगाखाली धरून माझ्या पोटात केसासारखी बारीक पट्टी बसवली. ती थरथरली की वीज तयार होते. शेजारच्या कंप्रेसरची घरघर हेच माझं रोजचं जेवण. दाराला धक्का बसला की त्या विजेवर मी पहारेकऱ्याच्या चौकीत खूण पाठवी आणि तिथला लाल दिवा लागे. एकदा पहारीने दार उचकटणारा चोर माझ्यामुळे सापडला. तेव्हा चौकीतले काका कौतुकाने म्हणाले होते, "एवढंसं आहे, पण बेरकी आहे!"

एका दुपारी कंप्रेसर दुरुस्तीला काढला. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून फिटरने येता-जाता दार लोटलं आणि बाहेरून खिट्टी घातली. आत डोकावला नाही. आत झाडूवाली मावशी होती.

पहिला ठोका आला तेव्हा माझं पोट रिकामं होतं. मग ठोक्यावर ठोके आले. प्रत्येक ठोक्याचा मला एकेक घास मिळत होता. पोट भरलं, मी खूण पाठवली.

फिटर डबा खायला चौकीत काकांपाशी बसला होता. तिथे काय झालं, ते मला नंतर काकांच्या बोलण्यातून कळलं.

"अरे, दिवा लागला!"

"काका, कंप्रेसर बंद. त्या सेन्सरच्या पोटात अन्नाचा कण नाही, तो काय बोलणार? बिघडलाय मेला."

"मग भूत म्हणायचं का?"

"म्हणा खुशाल. आधी डबा खाऊ." काकांनी दिव्यावर टोपी अडकवली.

इकडे ठोके मंद होत चालले. मला अजून हवे होते. मारत राहा, मावशी, थांबू नकोस. तिच्या भीतीवर माझं पोट भरत होतं, आणि दुसरी वाट नव्हती. शेवटी नुसती नखं घासल्यासारखं झालं. तेवढ्यावर मी दुसरी खूण पाठवली.

टोपीच्या कडेतून लाल उजेड झिरपला. काकांचा घास हातातच राहिला.

"पोटात काही नाही म्हणतोस ना? मग त्याला भरवतंय कोण?"

फिटरला आपण घातलेली खिट्टी आठवली. दोघे धावले. खिट्टी निघाली तेव्हा मावशी उंबऱ्यात कोसळली. ओठ निळे, पण श्वास होता.

"काका," ती एवढंच पुटपुटली, "दार लावताना हाक तरी मारायची."

ती वाचली. पुढे शीतगृहच बंद पडलं. काका गेले, चौकी ओस पडली, आणि एका सकाळी कुणीतरी घाईघाईने या दाराला कुलूप घातलं. त्याने आत पाहिलं का, मला ठाऊक नाही. तेव्हापासून मी उपाशी पडून होतो.

मित्रांनो, कुठलंही दार लावताना आधी आत हाक मारा. मुक्या वस्तूने खूण केली तर तिला बिघडलेली ठरवू नका, जाऊन बघा.

कारण आज माझं पोट पुन्हा भरतंय. मांजर असेल, वारा असेल. मी खूण पाठवली आहे, पण चौकीत कुणी नाही. ठोके आतूनच येताहेत, आणि मंद होत चाललेत.