आबनुसाची मूठ

स्पिरिटची नवी बाटली फडताळात तशीच होती, सीलसुद्धा न फोडलेली. ती मी उचलून उजेडात धरली. म्हणजे मी पुसलंच नव्हतं.

आबनूस हे महा हेकट लाकूड. काळंकुट्ट, आणि इतकं जड की पाण्यात सरळ तळाला जातं. करवतीची धार खातं, भुसा नाकात गेला की दिवसभर शिंका. पण घासून झाल्यावर असं काही चमकतं की सगळं माफ. अंगात मूळचंच तेल असतं त्याच्या. सरस लावण्याआधी ते स्पिरिटने पुसून काढायचं, नाहीतर सांधा वरून घट्ट दिसतो आणि भार पडला की सुटतो. हे मला बाबांनीच शिकवलं, हातावर चापट्या मारून. आणि त्यांच्याच काठीला आबनुसाची मूठ बसवताना मी घाईत विसरले. गाढव कुठली.

बाबा ती काठी घेऊन मघाशीच फिरायला गेले होते. खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झालेले. आता पडलात तर पुन्हा चालणं विसरा, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलेलं. फोन अर्थातच घरी ठेवलेला.

मी हातातलं काम टाकून धावत सुटले. औषधाच्या दुकानदाराने सांगितलं, "आत्ताच गेले." त्याचं आत्ताच म्हणजे अर्धा तास. रस्त्यावरचा प्रत्येक म्हातारा मला पाठमोरा बाबांसारखा दिसत होता. कोपऱ्यावर गर्दी दिसली तेव्हा मी लोकांना ढकलत आत घुसले. तिथे कुणीतरी स्वस्त छत्र्या विकत होतं.

बाबा सापडले पुलाच्या पायऱ्यांवर. कठडा धरून एकेक पायरी उतरत होते, घामाघूम झालेले. काठी काखेत.

"बाबा, टेकू नका ती."

"टेकलीय कुठे? सकाळीच सांध्याला नख लावून बघितलं. सरस सालीसारखा सुटून आला."

"मग जुनी का नाही घेतली?" माझा आवाज चढला.

"तू दारात उभी राहून बघत होतीस," ते म्हणाले. "इतकी खूश होतीस."

मला रडू आलं आणि त्यांचा भयंकर रागही आला. काठी मी हिसकावून घेतली आणि खांदा पुढे केला. एरवी कुणाचा हात धरायचे नाहीत. आज मुकाट्याने सगळा भार टाकला माझ्यावर.