ओडेसा प्रूइटची दोन मिनिटं

शिळ्या बियरमध्ये रंग कालवला तर लाकडाच्या रेषा हुबेहूब उमटतात. ताजी बियर चालत नाही.

बोस्टन शहर ओडेसा प्रूइटने तीनदा उभं केलं आणि दोनदा जाळलं. बोस्टनला ती कधी गेलेली नाही.

विधेयक क्रमांक एकशे बारा : राज्यात चित्रपट तयार करणाऱ्यांना मिळणारी करसवलत येत्या तीस जूनपासून बंद करण्यात येत आहे.

संगमरवराच्या शिरा ब्रशने काढायच्या नसतात. टर्की पक्ष्याचं पीस घ्यायचं आणि हात थोडा थरथरू द्यायचा.

समितीपुढे बोलणाऱ्या प्रत्येकाला दोन मिनिटं. पिवळा दिवा लागला की तीस सेकंद उरले.

"पुढचं नाव. मिस ओडेसा!"

समितीचे अध्यक्ष सेनेटर टँकर्सली चष्म्यावरून दालनभर पाहत होते. त्यांच्या खुर्चीमागे दोन खांब आणि दोन्ही भिंतींना तीन-तीन. त्यातल्या शेवटच्या खांबाला हात टेकून उभी असलेली एकसष्ट वर्षांची बाई जागची हलली नाही. तिच्याआधी बोललेल्या तिघांना सेनेटरांनी मिस्टर लावलं होतं, तेही आडनावासकट.

"मिसेस प्रूइट," ती म्हणाली. "ओडेसा मला माझी माणसं म्हणतात, सेनेटर. आपली तर आजच ओळख होतेय."

"बरं. मिसेस प्रूइट. या, बसा. काय करता आपण?"

"भिंती रंगवते. नव्या भिंती जुन्या करते." ती माइकसमोर बसली. "एकोणीस वर्षं झाली. माझ्यासोबत चौदा जण आहेत, चौदाच्या चौदा कॅल्डर गावचे. मोज्यांची गिरणी बंद पडली तेव्हा घरी बसलेले. त्याच गिरणीत आता आम्ही सिनेमाचे सेट बांधतो. तुम्ही सवलत काढलीत की सिनेमावाले दुसऱ्या दिवशी सवलत देणाऱ्या जॉर्जिया राज्यात असतील, आणि आम्ही परत घरी."

"तेच म्हणतोय मी. हे लोक आज आहेत, उद्या नाहीत. यात कायमची नोकरी कुठली?"

"तुमचीही चारच वर्षांची आहे ना, साहेब?"

मागच्या बाकांवर कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं. अध्यक्षांनी लाकडी हातोडा नुसता उचलला, आपटला नाही.

"आणि कायमची म्हणाल, तर गिरणी कायमची होती," ओडेसा म्हणाली. "वीस वर्षं तिला करमाफी. एका शुक्रवारी दाराला साखळी लागली. तेव्हा मालकाला इथे बसवून कुणी हे विचारलं नाही."

पिवळा दिवा लागला.

"हे पाहा, बाई," सेनेटर पुढे वाकले. आवाजात आता देवळातल्या प्रवचनाचा मऊपणा होता. "गिरणीतून निदान मोजे निघायचे. तुमच्या भिंती पोकळ. आज ठोकायच्या, उद्या मोडायच्या. लोकांच्या घामाचा पैसा मी खोट्या भिंतींवर का घालू?"

नाव पुकारण्याआधी ओडेसा तासभर त्या शेवटच्या खांबाजवळ उभी होती. वातानुकूलनाने दालनाचा बर्फ करून टाकला होता. बाकं गार, दाराच्या पितळी मुठी गार. खांब मात्र गार नव्हता. दगड असा वागत नाही. मग तिने त्याच्या शिरा पाहिल्या. एकूण एक शीर शेवटी एकाच बाजूला वळत होती. असं दगडात होत नाही, माणसाच्या हातात होतं.

"मग आधी तुमच्या पाठीमागचा खांब पाडा," ती म्हणाली.

"काय?"

"तो संगमरवर नाही. लाकूड आहे. या दालनात असे आठ आहेत. वाजवून बघा."

लाल दिवा लागला. "आपली वेळ संपली," सेनेटर म्हणाले. पण समितीतल्या, डोंगराकडच्या भागातून निवडून आलेल्या क्रेन्शॉ बाई खांबाच्या अगदी कडेला बसल्या होत्या. त्यांनी खुर्चीतूनच हात लांबवला आणि बोटाच्या पेराने वाजवलं. माइक चालू होता. टक्, टक्. रिकाम्या कपाटाचा आवाज सगळ्या दालनाने ऐकला.

मग जो हशा फुटला तो हातोड्याला आवरेना.

"डावखुरा होता रंगवणारा," ओडेसा हशाच्या वरून म्हणाली. "शंभर वर्षं तुम्हाला फसवतोय आणि तुमची शानही राखतोय. त्याचं नाव आतल्या अंगाला पेन्सिलीने लिहिलेलं असणार. आम्ही सगळे तसंच लिहितो, कुणाला दिसणार नाही असं."

ती उठली. समितीचं मतदान झालं, निकाल लागला नऊ विरुद्ध चार. सवलत बंद. पुढच्या आठवड्यात सभागृह त्यावर शिक्का मारणार, हे दारावरच्या शिपायालाही ठाऊक होतं. क्रेन्शॉ बाईंचा हात त्या नऊ हातांत होता.

परतीच्या वाटेवर गाडी थर्मन चालवत होता. थर्मन म्हणजे तिच्या सेटचा सुतार. एकोणीस वर्षं त्याने भिंत ठोकायची आणि तिने ती रंगवायची. दोघांच्या मध्ये उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी.

"जरा गोडीने बोलली असतीस तर..."

"तर नऊ-चारच झालं असतं. वर मी गोड बोललेली."

थर्मनने एक शेंग फोडून तोंडात टाकली. मग म्हणाला, "माझा चुलतभाऊ आहे तिकडे, जॉर्जियात. माणसं हवीत म्हणतो. मी जूनअखेर निघतोय, ओडेसा. तूही चल. भिंत ती भिंत, इथे काय अन् तिथे काय."

"तू जा. पोटामागे जायचं, त्यात लाज कसली? पण त्यांनी ऊठ म्हटलं म्हणून मी उठायचं? मी नाही उठत."

"आणि करणार काय?"

"शाळेच्या भिंतीचे पोपडे निघालेत. चर्चचा रंग वाहून गेलाय. कॅल्डरमध्ये खऱ्या भिंती काय कमी आहेत?"

"पैसे कोण देणार, तुझा तो डावखुरा?"

ती हसली आणि शेंगांची टरफलं खिडकीबाहेर भिरकावली. "मला गिरणीवर सोड. ऊन आहे अजून."

गिरणीत शेवटच्या सिनेमाची भिंत उभी होती : न्यूयॉर्कचं भुयारी स्टेशन, चाळीस फूट पांढऱ्या फरशा, सगळ्या लाकडाच्या. तिच्यावर पोरांनी रंगाचे फवारे मारून नावं खरडल्यासारखी दाखवायची होती. कुठलंही खरं नाव नको, वकिलांची भानगड नको, म्हणून कंपनीने निरर्थक अक्षरांचा कागद पाठवला होता. लव्हर्न तो हातात धरून उभी होती. लव्हर्नने गिरणीत अकरा वर्षं मोज्यांच्या टाचा शिवल्या होत्या.

ओडेसाने कागद घेतला, चार घड्या केल्या, खिशात टाकला. लाल डबा हलवला आणि भिंतीच्या मधोमध, जिथून कॅमेरा सरकणार होता तिथे, डोळ्यांच्या उंचीवर लिहिलं : थर्मन.

"अगं बाई," लव्हर्न म्हणाली. "मागे लिहू की, नेहमीसारखं."

"मागे नाही."

"पण न्यूयॉर्कच्या स्टेशनात आपली नावं कशी असतील? कोण लिहील?"

"न्यूयॉर्क बांधलं कुणी?"

लव्हर्नने थोडा विचार केला. मग निळा डबा उचलला आणि आपलं नाव लिहिलं, थर्मनच्या दुप्पट मोठं. बाकीचेही हातातली कामं टाकून पुढे आले. चौदा नावं झाल्यावर ओडेसाने पंधरावं लिहिलं, आडनावासकट, आणि त्याखाली गावाचं नाव. मग तिने सगळ्यांवर पातळ तपकिरी रंगाचा हात फिरवला, म्हणजे ती अक्षरं तिथे कित्येक वर्षांपासून असल्यासारखी दिसावीत.

१९५९ साली कॅल्डरच्या एकुलत्या एका चित्रपटगृहात ओडेसाच्या आईला तिकीट मिळे, पण पुढच्या दाराने आत जाता येत नसे. तिच्यासारख्या काळ्या माणसांसाठी बाजूच्या गल्लीतून वर सज्जात जाणारा लोखंडी जिना होता.