लोरेनची स्वस्तातली बंदूक

मी एक जुनी बंदूक आहे, असं म्हटलं तर मित्रांनो, ते निम्मं खोटं होईल. मी दिसते अडीचशे वर्षांची, पण जन्म अवघ्या नऊ वर्षांपूर्वीचा. चकमकीच्या गारेच्या ठिणगीने पेटणाऱ्या जुन्या बंदुकीची मी नक्कल. उत्तर हिंदुस्थानातल्या एका छोट्या कारखान्यात माझी नळी घडली आणि एका म्हाताऱ्या सुताराने माझा शिसवी दस्ता घासून घासून गुळगुळीत केला. परदेशी पाठवताना मला कान मात्र ठेवला नाही. कान म्हणजे नळीच्या बुडाशी असलेलं बारीक भोक. बाहेरच्या पेल्यातली चिमूटभर दारू पेटली की तिथूनच आग आत शिरते. कान नाही तर बंदूक नाही, नुसती भिंतीवरची शोभा. म्हणूनच मी बिनबोभाट अमेरिकेत उतरले आणि स्वस्तात विकले गेले.

मला घेतलं लोरेन डॉक्स्टेडरने. मोहॉक नदीकाठच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात ती काम करते. त्या गावाला एक वेड आहे. दर ऑगस्टात लोक जुन्या पलटणीचे कोट चढवतात आणि पूर्वजांची लढाई दोन दिवस कुरणावर पुन्हा लढतात. गोळी नसते, पण दारू खरी असते. या पलटणीत लोरेन एकोणीस वर्षं होती, ती हंड्याशी. बाकीचे लढायचे आणि ही त्यांच्यासाठी डुकराचं मांस घालून घेवडा शिजवायची. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिच्या मनाने घेतलं की पुरे झाला घेवडा, आता रांगेत उभं राहायचं. इटलीची बंदूक सोळाशे डॉलरला पडते. मी पावणेसहाशेला पडले.

पलटणीचा कॅप्टन वेन्डेल नेलिस. एरवी तो विमा विकतो. त्याने मला हातात घेतलं आणि असं नाक मुरडलं की मी तेव्हाच गंजले असते.

"लोरेन, ही बंदूक आहे की मोरीचा पाइप?"

"तुझ्या बंदुकीवर इटलीचा शिक्का आहे म्हणून ती फुटायला लाजणार आहे का?"

"अगं, पण तुझ्या हातच्या घेवड्यावर पलटण उभी आहे."

"मग तू शिजव की. हंड्याला मिशा चालतात."

सगळे हसले, वेन्डेल काही हसला नाही. त्याने अट घातली. आधी ऑटिस म्हाताऱ्याकडून हिची परीक्षा करून घे. पुढे रांगेत एकदा जरी हिने दगा दिला, तर ही भिंतीवर आणि तू हंड्याशी. लोरेन म्हणाली, "कबूल."

ऑटिस त्या भागातला बंदुकांचा कारागीर. त्याने माझी नळी मोजली, मला कान पाडला आणि नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून मला ट्रकच्या जुन्या टायरला बांधलं. चापाला दोरी बांधली आणि ते दोघं ट्रकच्या आड जाऊन बसले. मित्रांनो, ज्यांच्यासाठी आपण जन्मलो तेच आपण फुटतो का हे बघायला दडून बसतात, तेव्हा जिवाला फार लागतं. दोरी ओढली गेली. मी गरजले, पण फुटले नाही. ऑटिसने मला उलटसुलट करून पाहिलं. "गरिबाची लेक आहे, पण हाडाची चांगली आहे," तो म्हणाला. एवढं कौतुक मला अजून पुरतंय.

ऑगस्टात लोरेन रांगेत उभी राहिली. पहिल्या दोन फैरी मी चोख उडाले. तिसरीला वेन्डेलने हुकूम दिला, तीस बंदुका एकदम कडाडल्या, माझ्या पेल्यातली दारू भक्कन पेटली, आणि आतली तशीच राहिली. माझ्या कानात काजळी अडकली होती. एवढ्या आवाजात आणि धुरात कोणाला कळणार? पुष्कळांना तर स्वतःलाही कळत नाही, ते उडाली समजून वर दुसरी दारू ओततात. ज्यांना कळतं त्यातले काही लाजेने गप्प राहतात. लोरेनच्या खांद्याला धक्का बसला नव्हता. तिचा हात काडतुसांच्या पिशवीकडे गेला आणि थांबला. तोंड उघडलं तर पुन्हा हंडा, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"माझी उडाली नाही!" ती मोठ्याने म्हणाली आणि रांगेतून मागे झाली. शेजारचा कोणीतरी फिसकन हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतरांनी पुन्हा बंदुका भरल्या, तेवढ्यात लढाई थांबवणारा ढोल वाजला. भरलेल्या सगळ्यांनी आकाशाकडे बार काढून टाकले. मग तपासणी सुरू झाली. नळीत लोखंडी गज सोडतात. नळी रिकामी असली तर गज खणकन वाजतो आणि त्याचं वरचं टोक नळीच्या तोंडाबरोबर येऊन थांबतं. माझ्यात तो दबक्या आवाजात पडला आणि दोन बोटं वर राहिला.

"अट आठवते ना?" वेन्डेलने विचारलं.

"आठवते." लोरेनचे डोळे भरले होते, पण मान खाली गेली नव्हती.

वेन्डेल एकेक बंदूक तपासत गेला. शेवटी रिवाज म्हणून त्याने आपल्या इटालियन बंदुकीत गज सोडला. गज वाजला नाही. तो चार बोटं वर उभा राहिला. वेन्डेलने तो उचलून पुन्हा सोडला. तरी चारच बोटं. आत दोन बार होते. एक तिसऱ्या फैरीचा, दुसरा त्यावर ओतलेला, आणि आकाशाकडे बार काढतानाही त्यातला एकही उडाला नव्हता. दोन्ही एकदम उडाले असते तर काय झालं असतं, हे तिथे कोणाला सांगावं लागलं नाही.

लोरेनला टोमणा मारायची केवढी संधी होती. ती पाण्याची बाटली घेऊन पुढे झाली. "आधी दारू भिजवू या, वेन्डेल. बोलणं मग."

तिने त्याच्या नळीत पाणी ओतलं, मग माझ्यात. वेन्डेलने गज पुसून जागेवर ठेवला.

"वर्षानुवर्षं मी सांगतोय, उडाली नाही तर सांगा म्हणून," तो म्हणाला. "आज एकटीने सांगितलं. उद्या माझ्या उजव्या हाताला उभी राहा, लोरेन. आणि माझी उडाली नाही असं वाटलं, तर मला हाक मार."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. काम झालं की मला गरम पाण्याने धुवा, कोरडी करा, तेलाचा हात फिरवा. माझा कान रोज टोचून साफ करा. आणि एखाद्या दिवशी मी पेटले नाही, तर लाजू नका, तोंडाने सांगा. कारण मी फुटले, तर डोळा जातो तो तुमच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसाचा.