नमुना संदेश

पोळ्याच्या दिवशी सकाळी खैरखेडात कामाला बसलेलं माणूस एकच होतं, ते म्हणजे धम्मशीला. बाकीचं गाव नदीवर गेलं होतं. वर्षातून एकदा बैलांना एवढं घासूनपुसून धुतात, शिंगं रंगवतात, गळ्यात घुंगरमाळा घालतात, त्यामुळे काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. धम्मशीलेच्या घरी ना शेत, ना बैल. तिची आई केसरबाई ओसरीत मुगाच्या शेंगा सोलत बसली होती आणि आतल्या खोलीत धम्मशीला नवा लॅपटॉप मांडत होती.

ती पुण्याच्या एका कंपनीत होती, पण काम घरूनच करायची. वरच्या धरणाचे दरवाजे उघडायचे ठरले, की नदीकाठच्या गावांमधल्या सगळ्या मोबाइलवर मोठा भोंगा वाजवून इशारा पोचवायचा, असं सॉफ्टवेअर त्या कंपनीनं केलं होतं. हे काम तिनं हट्टानं मागून घेतलं होतं. काठावरच्या गावांत तिचंही गाव होतं.

जुन्या लॅपटॉपची निम्मी बटणं दाबली जात नव्हती आणि धरण काठोकाठ भरत आलं होतं. ऐन वेळी मशीन अडायला नको म्हणून तिनं सणाचा दिवस असूनही काम काढलं. आज्ञा टाइप करायची जी काळी खिडकी असते, तिला संगणकवाले शेल म्हणतात. पूर्वी ती मनाजोगती मांडायला अख्खा दिवस मोडायचा. आता त्याच खिडकीत एआय मदतनीस येऊन बसतो. तो चालतो कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर, पण साध्या मराठीत सांगितलं तरी समजून घेतो, आज्ञा स्वतः लिहितो आणि चालवण्याआधी एकदा विचारतो.

धम्मशीलेनं त्याला सांगितलं, जुन्या लॅपटॉपवरच्या सगळ्या सेटिंग्ज इकडे आण आणि काम सुरू करण्याजोगं करून दे.

मदतनीस भराभर कामाला लागला. हे बसवू का, हो. ही फाइल बदलू का, हो. विचारण्याचा त्याला कंटाळा नव्हता; वाचण्याचा तिला आला. शेवटी त्यानं लिहिलं, ‘सगळं जोडलं गेलं आहे. खात्रीसाठी एक नमुना संदेश पाठवून पाहू का?’

तिनं एका हातानं चहाचा कप उचलला आणि दुसऱ्या हातानं हो म्हटलं.

नमुना संदेश नेहमी कंपनीतल्या दोघातिघांच्याच मोबाइलवर जायचा. पण पडद्यावर ‘संदेश पोचले’ या शब्दांपुढे जो आकडा आला, तो हजारांत होता. तिला वाटलं, आपण चुकीचं वाचतोय. ती पुढे वाकली, तेवढ्यात तिच्याच मोबाइलनं भोंगा दिला. मग ओसरीतल्या आईच्या मोबाइलनं. मग भिंतीपलीकडे, मग समोरच्या घरात, मग गल्लीच्या टोकापर्यंत एकामागून एक. तो आवाज तिनंच निवडला होता, झोपलेला माणूसही उठावा म्हणून.

केसरबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि अक्षरं जुळवत वाचलं. “सावधान. धरणाचे दरवाजे उघडण्यात येत आहेत. नदीपात्र आणि काठ ताबडतोब सोडा.” मग ती आत पाहत म्हणाली, “शीले, पाणी सोडून राह्यले वं. नदीवर तं सारं गाव हाय.”

 नमुन्याचा मजकूरही तिचाच होता. खरा इशारा पडद्यावर कसा बसतो ते कळावं म्हणून तिनं तो हुबेहूब खऱ्यासारखा लिहिला होता. ‘चाचणी’ एवढा एक शब्द त्यात घातला नव्हता.

तिनं मदतनिसाला विचारलं, हा संदेश कुठं गेला?

उत्तर लगेच आलं. ‘जुन्या सेटिंग्जमध्ये खऱ्या यंत्रणेचा पत्ता होता, त्यावर गेला. पाठवण्याआधी मी ते तपासायला हवं होतं. पुढे काय करू?’

मागच्या महिन्यात एक बिघाड काढताना तिनंच तो पत्ता घातला होता आणि काढायचा राहून गेला होता. ते विनयशील वाक्य तसंच पडद्यावर होतं. बाहेर माणसं धावत असतील आणि इथं खिडकीत कर्सर लुकलुकत होता.

रद्दचा संदेश पाठवावा म्हटलं तर तेही जमेना. एका इशाऱ्यावर लगेच दुसरा गेला तर लोक गोंधळतील, म्हणून मध्ये अर्धा तास जाऊ द्यायचा, हा नियमही तिच्याच सांगण्यावरून घातलेला. तिनं पुण्याला प्रेरणाला फोन लावला. प्रेरणा त्यांच्या गटाची प्रमुख. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“किती गावं?” तिनं विचारलं.

“सगळी.”

“मी बाकीच्या गावांच्या सरपंचांना फोन लावते. तुझं गाव तू बघ. जा, धम्मशीला.”

ती अनवाणीच पळाली. गल्ली संपून उतार लागतो तिथं तिला गाव वर येताना दिसलं. कोणी मुलांना खांद्यावर घेतलं होतं, कोणाच्या हातात तुटलेला कासरा होता. एका शिंगाला रंग लागलेला आणि दुसरं तसंच, असे बैल माणसांना ढकलत चढावर येत होते. धम्मशीला दोन्ही हात वर करून सांगत होती, “पाणी नाही, पाणी नाही.” त्या घुंगरांच्या आणि हाकांच्या गदारोळात ते कोणाला ऐकू जाणार? उलट एका बाईनं तिचाच दंड धरला आणि तिला वर ओढलं. “खाली कुठी जातं? मरतं का?”

काठाशी उकंडराव दिसले. सत्तरीचा म्हातारा, पण अजून स्वतःची जोडी स्वतः हाकणारा. एक बैल बुजला होता आणि कासऱ्याचा वेढा त्यांच्या मनगटाला बसला होता. तिच्या डोळ्यांदेखत त्या जनावरानं त्यांना दगडांवरून फरफटत नेलं. कासरा सुटला तेव्हा ते उजव्या खांद्यावर पडले आणि तसेच पडून राहिले.

ती त्यांच्याकडे निघाली. पण उतारावर अजून माणसं रेटारेटी करत होती. ती मागे फिरली आणि थेट मारुतीच्या देवळाकडे गेली. तिथं सकाळपासून लाउडस्पीकरवर पोळ्याची गाणी लागली होती. त्या ओट्यावर ती जन्मात चढली नव्हती, त्यांच्या आळीतलं कोणीच सहसा चढत नसे. आज ती चढली, गाणं बंद केलं आणि माईक हातात घेतला.

“पाणी येऊन नाही राह्यलं. धरण बंद हाय. तो संदेश चुकून गेला. म्या धाडला. म्या धम्मशीला, केसरबाईची पोरगी. धावू नका, पोरं सांभाळा.”

तिनं हेच पुन्हा पुन्हा सांगितलं. हळूहळू गर्दी थबकली. तिला वाटलं होतं, आता शिव्या पडतील. पण ओल्या कपड्यांनी, धापा टाकत सगळे नुसते तिच्याकडे पाहत उभे राहिले. त्या नजरांखाली तिला माईक खाली ठेवायचंही सुचेना.

उकंडरावांच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. त्यांना जीपमध्ये घालून बुलढाण्याला नेलं, तेव्हा धम्मशीलाही सोबत गेली. त्यांचा मुलगा रागानं खिडकीबाहेर पाहत होता. अर्ध्या वाटेत म्हाताऱ्यानं डोळे उघडले.

“ते मशीननं धाडलं म्हणते लोकं.”

“नाही बाबा. मशीननं इचारलं होतं. म्या न वाचता हाव म्हटलं.”

त्यांनी डाव्या हातानं मोडका खांदा सावरला. मग म्हणाले, “मी तं ते वाचून लगेच इश्वास ठेवला पोरी. आता खरंच पाणी सुटलं तं मी काय समजू?”



कंपनीनं चौकशी केली. खऱ्या यंत्रणेला दोन माणसांच्या होकाराशिवाय हात लावता येणार नाही, असं ठरलं. तिची नोकरी राहिली. गावात मात्र दिवसभर पोट्ट्यांच्या तोंडी एकच चेष्टा, ‘नमुना आला बे.’ ती पाण्याला जायची तरी खाली मान घालून.

पोळा होऊन आठवडाही झाला नसेल, एका दुपारी पुन्हा गावभर भोंगे वाजले. मजकूर तोच. या वेळी तो तिनं पाठवला नव्हता. ती दाराशी आली. पारावरच्या माणसांनी मोबाइल पाहिले आणि खिशात घातले. कोणी हसलं. कोणीही उठलं नाही.

 तिनं धरणावर फोन लावला, मग प्रेरणाला. दोघांनीही सांगितलं, दरवाजे खरोखरच उघडताहेत. ती निघाली तर उकंडराव आपल्या ओट्यावर बसलेले, हात गळ्यात बांधलेला, मोबाइल मांडीवर.

“तुहीच वाट पाहून राह्यलो,” ते म्हणाले. “खरं हाय का?”

“हाव बाबा. धरणावर इचारून घेतलं.”

“मंग माईकवर जाय. त्या दिवशी नाव घेऊन बोलली ना, तसंच बोल.” आणि एका हातानं भिंत धरून ते उठले, मुलाला हाक मारली आणि काठावरच्या गोठ्यातली जनावरं सोडायला सांगितली.

ती बोलली. लोक कुरकुरत उठले. काहींनी आधी धरणावर फोन करून खात्री केली, काही नुसते उकंडरावांच्या मुलाला पाहून निघाले. बकऱ्या वर आल्या, काठावरची दोन घरं रिकामी झाली. पाण्याचे पंप काढायला वेळ पुरला नाही.

दिवस मावळायच्या आत पाणी आलं. धम्मशीला उताराच्या वरच्या टोकाला उभी होती. पोळ्याला जिथं बैल धूत होते, तो सगळा काठ बघता बघता गढूळ पाण्याखाली गेला. बाभळीचं एक अख्खं झाड मुळांसकट गिरक्या घेत निघून गेलं. ‘नदीपात्र आणि काठ ताबडतोब सोडा’ हे वाक्य तिनं कितीदा लिहिलं होतं, खोडलं होतं, पडद्यावर बसतं का पाहिलं होतं. असं पाणी मात्र तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती तशीच पाहत राहिली, डोळ्याची पापणी न हलवता.

“मांगं सरक पोरी,” मागून उकंडराव म्हणाले. “दरड ओली झाली.”