खत खाणारा गोटा

मित्रांनो, पडेगावच्या एका शेतातला मी एक जुना चुनखडीचा गोटा आहे. नारळाएवढा, मळकट पांढरा, अंगभर खड्डे. रूपाच्या बाबतीत माझी बाजू लंगडीच. पण वय विचाराल तर तोंडात बोटं घालाल. पावसाचं पाणी मातीतला चुना विरघळवून खाली नेई, ऊन तापलं की पाणी उडून जाई आणि चुना मागे राही. असा पापुद्र्यावर पापुद्रा चढत मी जमिनीच्या पोटात वाढलो. कोणाला माझी खबर नव्हती, म्हणून कोणाची बोलणीही नव्हती.

बोलणी सुरू झाली ती नांगराने मला वर काढल्यावर. शेताचे मालक पुंडलिकराव मोठ्या हौसेने रानभर खत फोकत. त्यातलं फॉस्फेट, म्हणजे पिकाचं एक अन्न, पाण्यात विरघळून माझ्यापाशी आलं की माझ्या अंगाला चिकटायचं. मुद्दाम नाही हो, चुन्याचा आणि त्याचा स्वभावच तसा. आधी ते नुसतं चिकटतं, मग हळूहळू चुन्याशी मिळून त्याचा टणक थर होतो. तुमचे दात ज्याचे बनलेत, जवळपास तोच पदार्थ! इकडे मक्याची पानं मात्र उपाशी राहून जांभळी पडायची.

"ह्या गोट्यायनंच माझं खत खाल्लं!" असं म्हणत पुंडलिकरावांनी मला आणि माझ्यासारख्या इतर गोट्यांना वेचून बांधावर फेकलं. आरोप खरा होता, म्हणूनच जास्त लागला.

त्यांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी शेताच्या कडेला तळं करून त्यात रोहू आणि कटला सोडले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी स्वतःच्या मनाने केलं होतं, म्हणून त्या माशांवर त्यांचा फार जीव. पण धुण्याचं आणि गोठ्याचं पाणी एकाच नालीने तळ्यात यायचं. तळं हिरवंगार झालं. पहाटे मासे वर येऊन तोंडं वासू लागले आणि एका सकाळी काही मासे पोटं वर करून तरंगताना दिसले.

मनकर्णाबाई काठावर बसून मेलेले मासे गोळा करू लागल्या. "आता अजून मेले तर तळं बुजवून टाका. मला नाय बघवत," त्या म्हणाल्या.

त्यांची लेक सुलेखा शहरात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने तळ्याचं पाणी तपासून आणलं. "आई, धुण्याच्या पावडरीतून अन् शेणामुतातून फॉस्फेट येतंय. त्याच्यावर शेवाळ माजलंय, अन् ते रातच्याला पाण्यातली हवा संपवतंय. बाबा, तुमचं खत खाणारे गोटे कुठंयत?"

"बांधावर पडलेत की. त्यायचं काय लोणचं घालायचंय?"

"नालीत घालायचेत. रानात जे खाल्लं तेच इथं खातील."

पुंडलिकरावांना दगड रचायची भारी हौस. त्यांनी आमच्यातले मोठे मोठे गोटे निवडले आणि नालीत असे देखणे रचले, की येणारा-जाणारा थांबून बघे. जन्मात पहिल्यांदा माझं कौतुक झालं आणि मी फुगलो. पण पाणी आमच्या अंगावरून घसरून तसंच पुढे जात होतं, आणि मासे तोंडं वासतच होते.

"बाबा, गोटे फोडा," सुलेखा म्हणाली. "काम फक्त वरच्या अंगाला होतं. आतला चुना पाण्याला भेटतच नाय."

"एवढं देखणं रचलं, ते फोडू व्हय?"

मनकर्णाबाईंनी हातोडा आणून त्यांच्यापुढे ठेवला. तो बघून माझी तर गाळणच उडाली. घाव बसला आणि माझे तुकडे तुकडे झाले. त्यातला मी कोणता, असं विचारू नका, सगळेच मी! आत दडलेल्या माझ्या पांढऱ्या अंगाने पहिल्यांदा उजेड पाहिला. आता पाणी आमच्या फटीफटींतून रेंगाळत जाऊ लागलं आणि जिथे तिथे फॉस्फेट माझ्या अंगाला बिलगलं. मनकर्णाबाईंनीही धुण्याची पावडर निम्म्यावर आणली. तळ्याचा हिरवा रंग हळूहळू विरत गेला.

एका सकाळी पाण्यावर एकही मासा दिसेना. सगळेच मेले की काय, असं मनकर्णाबाईंना वाटलं. त्यांनी मूठभर पेंड टाकली. खालून चांदीसारखं काही चमकलं, मग सगळं पाणी खळबळलं.

"हायेत! अवं, हायेत सगळे!" त्या ओरडल्या आणि रडूही लागल्या.

"गोटे माझ्या रानातले हायेत म्हटलं," पुंडलिकराव मिशीत हसले. खत खाल्ल्याचा राग ते सोयीने विसरले होते.

आता माझ्या अंगावर जाड थर चढलाय. नवं फॉस्फेट फारसं धरवत नाही. परवा पुंडलिकराव मला उचलून फेकायला निघाले, तर मनकर्णाबाईंनी माझा एक तुकडा हातात घेऊन हातोड्याने टिचवला. "हे बघा, आत अजून कोराच हाय," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, साबण-पावडर जपून वापरा आणि नालीचं पाणी तळ्यात सोडण्याआधी विचार करा. आणि माझ्यासारखा कोणी थकलेला दिसला, तर त्याला लगेच बांधावर भिरकावू नका. पूर्वी हातोडा बघितला की मी घाबरायचो. आता तो दिसला की म्हणावंसं वाटतं, मारा, अजून एक घाव मारा. माझ्यात अजून पुष्कळ जागा आहे.