न बघितलेला आकडा

मित्रांनो, मी काचेमागून बोलतोय, म्हणून आवाज जरा बारीक येईल. मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे, आणि तेही दोन तुकड्यांत. मधोमध सरळ काप गेलाय. घाबरू नका, आता दुखत नाही. पण त्या महिन्याची आठवण झाली की माझ्या कडा अजून थरथरतात. मुळात मी घाबरट स्वभावाचा. ज्याच्या अंगावरच 'अमुक महिन्यापर्यंत चालेल' असं छापलेलं असतं, त्यानं निवांत राहायचं तरी कसं?

पंधरा वर्षांपूर्वी मी एका पाकिटात चिकटून माझ्या मालकिणीकडे आलो. ती फोटोंना चौकटी करते. सगळे तिला फ्रेमवाल्या ताई म्हणतात. तेव्हा तिनं नुकताच एक गाळा भाड्यानं घेतला होता. गाळा कसला, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं पोट आत घ्यायचं, एवढाच. एका भिंतीवर लाकडी पट्ट्यांचे नमुने, दुसऱ्या भिंतीला टेकवलेल्या काचा, मध्ये लांब टेबल आणि सगळीकडे भुसा. तिचा नवरा बस चालवतो. मला बघून तो म्हणाला होता की ही उधारीची ब्याद घरात नको. मला फार वाईट वाटलं. आल्या आल्या असं कोणी बोलतं का?

पण मालकिणीनं मला जीव लावला. दर महिन्याला काचांचा माल माझ्यावर यायचा. बिल आलं की ती ते टेबलासमोरच्या खिळ्याला टोचून ठेवायची आणि शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी पूर्ण भरून टाकायची. खिळा रिकामा झाला की मला हायसं वाटायचं. अंगावरची तारीख संपली की बँकेतून नवं कार्ड यायचं आणि जुनं ती फोटोमागे गोंद पसरायला वापरायची. पण अंग बदललं तरी खातं तेच राहतं मित्रांनो, म्हणून पहिल्या दिवसापासूनचं सगळं मला आठवतं. पंधरा वर्षांत एकदाही तारीख चुकली नाही. एकदा तर तिला ताप होता, तरी कपाळावर ओली पट्टी घेऊन तिनं बिल भरलं होतं. याचं कौतुक कोणी केलं नाही हो. चुकलं असतं तर लगेच चार पत्रं आली असती.

आता त्या महिन्याचं सांगतो. गाळ्याचा मालक म्हणजे एक म्हातारे औषधविक्रेते. त्यांना गाळा विकायचा होता. ते स्वतः येऊन सांगून गेले की पहिला हक्क तुमचा, पण या महिन्याअखेरपर्यंत काय ते कळवा, नाहीतर शेजारचा मोबाईलवाला रोख घेऊन बसलाय. मालकीण हो म्हणाली. तेवढे पैसे एकरकमी कुठले असणार? ती बँकेत कर्ज मागायला गेली आणि तासाभरात परत आली. बँकेनं सांगितलं होतं की तुमचा स्कोअर कमी आहे.

स्कोअर म्हणजे एक तीन आकडी संख्या. माणसानं घेतलेली उधारी वेळेवर फेडली का, यावरून ती ठरते. मोठ्या माणसांचं गुणपत्रकच म्हणा. आमच्या घरात ते गुणपत्रक आजवर कोणी उघडलं नव्हतं. आपण तर कोणाचे पैसे बुडवले नाहीत, मग नापास कसे झालो, हे मालकिणीला कळेना. त्या दिवशी तिनं एक काच चुकीच्या मापाची कापली. पंधरा वर्षांत मी तसं पाहिलं नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले. सगळ्यात जास्त सल्ले भाऊजींचे. भाऊजी म्हणजे मालकिणीचे धाकटे दीर. विमा कचेरीत कारकून असल्यामुळे पैशाच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द चालायचा. कचेरी सुटली की ते गाळ्यात यायचे, तीन पायांच्या स्टुलावर बसायचे आणि चहा पिता पिता आम्हाला शहाणं करायचे. मालकीण म्हणाली, एकदा तो आकडा बघू तरी. भाऊजींचा कप हातातच राहिला.

"भलतंच काय, वहिनी," ते म्हणाले. "बघायचा नसतो तो. बघितला की कमी होतो."

मी टेबलावर गोंदाच्या डब्याशेजारी पडलो होतो. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण प्लास्टिकला कुठलं तोंड! मालकिणीनं मान डोलावली. घरात कोणी आजारी असावं आणि ताप मोजायचीच सगळ्यांनी धास्ती घ्यावी, तसं आमचं झालं.

नवऱ्याचं म्हणणं वेगळंच. तो म्हणाला, आपली कमाई कमी, म्हणून आकडा कमी. मग छाती काढून सांगू लागला की मी जन्मात कोणाकडून एक पैसा उधार घेतला नाही, माझ्या नावावर कर्ज मागू, माझा आकडा सोन्यासारखा असणार. गेला बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून. परत आला तो तोंड पाडून. त्याचा आकडाच नव्हता. कधी उधार घेतलंच नाही तर फेडलं की नाही हे कोणाला कळणार? बँकेच्या लेखी त्याची पाटी कोरी होती. एरवी मला हसू आलं असतं, पण त्या दिवशी महिना अर्धा संपला होता.

भाऊजी म्हणाले, एका बँकेनं नाही म्हटलं तर काय झालं, दुसऱ्या नसतात का? मालकिणीनं तीन आठवड्यांत चार ठिकाणी अर्ज केले. चारही ठिकाणांहून नकार आला. शेजारचा मोबाईलवाला आता रोज येऊन गाळ्याची लांबी-रुंदी नजरेनं मोजून जायचा. वर म्हणायचा, ताई, सावकाश होऊ द्या, मला घाई नाही. मालकिणीचं जेवण कमी झालं. नमुन्याच्या पट्ट्या ती उगाचच पुन्हा पुन्हा पुसायची आणि मध्येच थांबून भिंतीकडे बघत राहायची. तिचा गाळा जाणार, या धास्तीनं माझाही जीव टांगणीला लागला होता.

महिना संपायला सहा दिवस उरले आणि भाऊजींची नजर माझ्यावर पडली.

त्यांनी मला उचललं, उलटसुलट केलं आणि म्हणाले की खरी गोम इथे आहे. उधारीचं कार्ड जवळ बाळगलं की बँकेला वाटतं, ही बाई उधारीवर जगते. हे बंद करून टाका, आकडा वर येईल. मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! पंधरा वर्षं इमानानं राबलो, आणि शेवटी चोर कोण, तर मी.

मालकिणीनं मला हातात घेतलं. माझ्यावरचं तिचं नाव वापरून वापरून पार झिजलं होतं. तिनं त्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, ही सोडेल मला. पण भीतीनं माणूस कोणाचंही ऐकतं. तिनं मला पोलादी पट्टीखाली ठेवलं, जाड पुठ्ठा कापायचं पातं घेतलं आणि एका फटक्यात काम संपवलं. काप अगदी सरळ आला. तिचा हात आहेच तसा. मग ती पाठ फिरवून बराच वेळ काचा पुसत बसली, आणि तिला रडू येतंय हे मला काचेत दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं माझे तुकडे पाकिटात घातले आणि बँकेत नेले. ज्या बँकेनं मला दिलं, तीच ती. खिडकीपाशी जाड चष्म्याच्या एक बाई बसल्या होत्या. मालकिणीनं पाकीट पुढे सरकवलं आणि सांगितलं की कार्ड बंद केलंय, तसं लिहून द्या, म्हणजे माझा स्कोअर वाढेल. बाईंनी तुकडे टेबलावर काढून जुळवले. मग चष्मा वर केला.

"कार्ड कापल्यानं खातं बंद होत नाही, ताई. आणि झालं नाही तेच बरं."

त्यांनी तिच्याकडून एक-दोन कागद घेतले, सही घेतली आणि संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. मालकिणीनं चटकन तोंड फिरवलं. डोळ्यांवर हातसुद्धा धरला. मी बघितलं तर तो कमी होईल हो, असं ती अगदी लहान मुलीसारखी म्हणाली. मागे रांगेत उभा असलेला माणूस हसला. बाई मात्र हसल्या नाहीत.

"तुम्ही स्वतः कितीदाही बघा, काही होत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही कर्ज मागता आणि ते देणारे बघतात, तेव्हा थोडा फरक पडतो. तुम्ही तीन आठवड्यांत पाच जणांना बघायला लावलंत."

मालकिणीनं बोटं बाजूला केली आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा आपला आकडा पाहिला. कमीच होता. पण बाई आकड्यावर थांबल्या नाहीत, खालच्या ओळी वाचू लागल्या. कमाईचा या आकड्याशी संबंध नाही, ती आम्ही वेगळी बघतो, असं त्यांनी सांगितलं. कार्डाच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्या म्हणाल्या, हे तुमचं सगळ्यात जुनं खातं, आणि यात एकही डाग नाही. हे बंद केलं असतं तर आपल्या हातानं आपला चांगला साक्षीदार घालवला असता. मित्रांनो, मी दोन तुकड्यांत होतो, तरी माझी मान ताठ झाली.

त्याच्या खालची ओळ मात्र वाईट होती. चार वर्षांपूर्वीचं टेम्पोचं कर्ज. मालकीण म्हणाली की माझ्याकडे टेम्पो नाही. बाईंनी सांगितलं, तुम्ही जामीन आहात. तीन हप्ते थकले होते, मग थोडे पैसे भरून तडजोड केली. कर्ज देणाऱ्यानं उरलेलं सोडून दिलं, पण ते 'पूर्ण फेडलं' म्हणून लिहिलं जात नाही. तो डाग घेणाऱ्याला लागला, आणि जामिनालाही. मग मालकिणीला आठवलं. चार वर्षांपूर्वी भाऊजींनी बाटलीबंद पाण्याचा धंदा काढला होता, तेव्हा टेम्पोसाठी तिनं एक सही केली होती. फक्त सही तर आहे, असं भाऊजी म्हणाले होते.

संध्याकाळी भाऊजी नेहमीसारखे आले. मालकिणीनं चहा दिला आणि कपाशेजारी बँकेतल्या बाईंनी छापून दिलेला कागद ठेवला. ती रागावेल म्हणून मी डोळे मिटून घेतले असते, डोळे असते तर. पण ती पट्ट्या पुसू लागली. भाऊजींनी कागद वाचला. पुन्हा वाचला. चहावर साय धरली तरी ते वाचतच होते.

"ते म्हणाले, एवढे भरा आणि विषय संपवा. मी भरले, वहिनी. मला वाटलं, संपला."

"मला सांगायचं तरी होतंत, भाऊजी."

"तुमची सही आहे हे डोक्यातच राहिलं नाही." त्यांनी कप बाजूला सारला. मग मान खाली घालून म्हणाले, "बघू नका म्हणालो ना, ते खरंच कुठेतरी ऐकलं होतं. पण मला माझाच बघायची भीती वाटते. चार वर्षं झाली."

एवढे दिवस मी त्या माणसावर दात धरून होतो. त्या क्षणी माझा राग कुठे गेला कळलं नाही. भीती म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको.

पुढचं पटपट झालं, पण सोपं नव्हतं. भाऊजींनी आपली ठेव मोडली आणि सोडून दिलेली रक्कम जाऊन पूर्ण भरली. फेडल्याचं पत्र मागून घेतलं. मग कोणी न सांगता ते गाळ्याच्या मालकाकडे गेले आणि चूक माझी आहे, वहिनींची नाही, असं तोंडावर सांगून आले. म्हाताऱ्यांनी दीड महिना वाढवून दिला. मोबाईलवाल्यानं आमच्याकडे बघणं बंद केलं. त्या दीड महिन्यात मालकिणीनं एकही नवा अर्ज केला नाही. नुसती वाट बघितली. अर्ज करण्यापेक्षा ते अवघड होतं.

आकडा एकदम उडी मारून वर आला असं समजू नका. झालेला उशीर पुसला जात नाही, तो हळूहळूच मागे पडतो. ओळीवर आता 'पूर्ण फेडलं' आलं आणि आकडा थोडा सरकला, इतकंच. शेवटच्या आठवड्यात मालकीण त्याच बाईंसमोर बसली. त्यांनी पत्र बघितलं, गाळ्याचा हिशेब बघितला, आणि माझी पंधरा वर्षांची ओळ वरच्या साहेबांना दाखवून आणली. कर्ज मंजूर झालं. मागितलं त्यापेक्षा कमी. उरलेलं नवऱ्यानं आपल्या शिलकीतून घातलं. जन्मात उधार न घेतल्याचा निदान तेवढा फायदा झाला, असं मालकीण म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी गाळ्यात सगळे हसले.

माझ्या खात्याला बँकेनं नवं अंग दिलं. ते आता खणात असतं, पण माझा जीव या तुकड्यांतच राहिला. माझ्या दोन तुकड्यांनी मालकिणीनं गोंद नाही पसरला. तिनं ते निळ्या पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी ठेवले, मधली फट तशीच राहू दिली आणि चौकट करून बिलाच्या खिळ्यावर टांगले. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय? ती म्हणते, माझी चूक आहे, समोर असलेली बरी.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याकडेही माझ्यासारखं कोणी येईल. माझी एवढीच विनवणी आहे. आम्हाला घाबरू नका आणि आम्हाला गृहीतही धरू नका. तारीख पाळा. सही करताना ती कशावर करतोय ते वाचा. आणि जे बघायची भीती वाटते, ते आधी बघा.

काल भाऊजी आले. चहाला हात न लावता त्यांनी फोन काढला आणि माझ्याखाली उभं राहून बराच वेळ बोट नुसतंच पडद्याच्या वर धरून ठेवलं. मालकीण काच कापत होती, तिनं हात थांबवला. मग भाऊजींनी बोट टेकवलं.

"फार कमी आहे, वहिनी," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा उघडून पाहिलं. "पण तेवढाच आहे."